शिक्षा झाली, सिरिंज तीच राहिली

इस्पितळात काही भयंकर घडलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: निलंबित कोण झालं? पुण्याच्या कट्ट्यावर तो विचारला जातो, तसाच लंडनच्या गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेतही विचारला जातो. ब्रिटनमधल्या मराठी माणसाच्या हाती एनएचएसचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, एखादा चौकशी अहवाल पडला आणि त्यात कुणाचंच नाव नाही असं दिसलं, की त्याचा पारा चढतो. मग ऐकायला मिळतं ते साधारण असं. ‘ही सगळी कागद रंगवण्याची कामं. म्हणे सिस्टिमचा दोष! सिस्टिमला काय बेड्या घालणार? इंजेक्शन टोचणारा हात माणसाचाच ना? चार जणांना आत टाका, पाचवा आपोआप सरळ होईल. रूट कॉज अनॅलिसिस, म्हणे मूळ कारणाचा शोध! ही तर डॉक्टरांनी डॉक्टरांना वाचवण्याची सोय. आणि आता तर खुद्द एनएचएसनेच ती पद्धत मोडीत काढली, मग बोलायचं काय?’

बोलायचं बरंच आहे. हे मत ऐकायला रोखठोक वाटतं, टाळ्या घेतं, आणि त्यापायी माणसं मरतात.

सुरुवात नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरपासून करू, कारण या मंडळींना जे जे हवं असतं ते सगळं तिथे मिळालं. दोषी डॉक्टर सापडला, खटला उभा राहिला, शिक्षाही झाली. ४ जानेवारी २००१ रोजी रक्ताच्या कर्करोगातून सावरत असलेला अठरा वर्षांचा मुलगा नेहमीच्या औषधांसाठी तिथे आला. त्याला दोन औषधं द्यायची होती. एक पाठीच्या मणक्यात, दुसरं शिरेतून. शिरेतून द्यायचं ते व्हिन्क्रिस्टीन. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं हे औषध शिरेत गेलं तर कर्करोगाच्या पेशी मारतं. मणक्यात गेलं तर माणूस बहुधा जगत नाही, आणि मरतो तोही हळूहळू, पायांकडून वर सरकत जाणाऱ्या लकव्याने. त्या दिवशी ते मणक्यात गेलं. २ फेब्रुवारीला मुलगा वारला.

आता तो ‘टोचणारा हात’ कुणाचा ते पाहू. सुई होती कनिष्ठ डॉक्टरच्या हातात. शेजारी उभा होता रजिस्ट्रार, या जागेवर रुजू होऊन त्याला जेमतेम तीन दिवस झालेले. त्याने रुग्णाचं नाव वाचलं, औषध वाचलं, मात्रा वाचली. कुठून द्यायचं ते वाचलं नाही. कनिष्ठाला शंका आली. हे मणक्यातच द्यायचं का, असं त्याने विचारलंही. ‘हो’ म्हटल्यावर तो गप्प बसला, कारण वरिष्ठाला दुसऱ्यांदा टोकायची तिथे रीत नव्हती. ही दोन औषधं एकाच दिवशी वॉर्डात यायला नको होती. पण रुग्णाचे हेलपाटे वाचावेत म्हणून ती एकदम मागवायची वहिवाट पडली होती. रजिस्ट्रारने आधी जिथे काम केलं होतं तिथे अशी दोन औषधं सोबत येतच नसत, म्हणून समोर आलेलं सगळं मणक्यासाठीच असणार असं त्याने गृहीत धरलं. दोन्ही सिरिंजा दिसायला सारख्या. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही, की शिरेसाठीच्या सिरिंजचं टोक मणक्याच्या सुईत अगदी चपखल बसत होतं. बसू नये अशी व्यवस्थाच कुणी केलेली नव्हती.

हे सारं प्राध्यापक ब्रायन टॉफ्ट यांनी एप्रिल २००१ च्या अहवालात मांडलं. एकामागून एक उघड्या राहिलेल्या दारांतून हा अपघात आत आला, असं तो अहवाल वाचताना दिसतं. रजिस्ट्रारवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि २००३ साली त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. झालं समाधान? हात कनिष्ठाचा होता, शिक्षा रजिस्ट्रारला झाली. म्हणजे हाताचा युक्तिवाद इथेच निकालात निघतो. पण तो सोडून देऊ. या शिक्षेने पुढच्या रुग्णाचं काय भलं झालं?

आता या तारखा वाचा. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लियाम डोनाल्डसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जून २००० मध्ये, म्हणजे या घटनेच्या सहा-सात महिने आधी, लिहून ठेवलं होतं की १९८५ पासून चुकीचं औषध मणक्यात गेल्याने किमान १३ रुग्ण मेले किंवा कायमचे अपंग झाले, आणि २००१ संपण्याआधी हा आकडा शून्यावर आणायचा. तेरा वेळा तेच. तेरा वेळा वेगवेगळे डॉक्टर. त्या तेरा वेळांत डॉक्टर बेफिकीर होते असं समजायचं, की सुईचं तोंड दर वेळी तेच होतं याकडे पाहायचं? प्रौढांना व्हिन्क्रिस्टीन सिरिंजऐवजी सलाईनच्या छोट्या पिशवीतून द्या, म्हणजे ते मणक्यात ढकलताच येणार नाही, हा राष्ट्रीय आदेश निघाला २००८ मध्ये. मणक्यासाठी वेगळ्या जोडाची साधनं वापरा, हा इशारा २००९ मध्ये. त्या वेगळ्या जोडाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं २०१६ मध्ये. आणि सर्व रुग्णालयांनी आता तरी या नव्या जोडाकडे वळावं म्हणून एनएचएसला पुन्हा राष्ट्रीय इशारा काढावा लागला जानेवारी २०२४ मध्ये. डॉक्टरला तुरुंगाची शिक्षा व्हायला तीन वर्षंही लागली नाहीत. प्लास्टिकच्या टोकाचा आकार बदलायला तेवीस वर्षं अपुरी पडली.

का पडली? सिरिंज विकणारा कारखानदार, ती विकत घेणारं खातं, दोन औषधं एकत्र पाठवणारी फार्मसी, तेरा घटनांची यादी हातात असलेलं मंत्रालय, यांच्यापैकी कुणाच्या दारात मोर्चा गेला नाही. लोकांना आरोपी मिळाला होता. एक माणूस पिंजऱ्यात उभा केला की बाकीचे सुखरूप घरी जातात, हे शिक्षाप्रेमी मंडळींच्या लक्षात कसं येत नाही? सिस्टिमची चौकशी मवाळ असते म्हणता? नीट केली तर तिच्याइतकी निर्दय चौकशी दुसरी नाही. ती रात्रपाळीच्या सिस्टरपाशी थांबत नाही, वरच्या मजल्यावर जाते. आणि म्हणूनच वरच्या मजल्यावरच्यांना निलंबनाची बातमी मनापासून आवडते.

‘पण धाक नको का?’ धाकाने चोर थांबतो, कारण चोरी करायची की नाही हे तो ठरवतो. चूक कुणी ठरवून करतं का? हेतू वाईट असेल तिथे पोलीसच हवेत, याबद्दल वाद नाही. पंधरा खुनांसाठी दोषी ठरलेल्या डॉक्टर हॅरॉल्ड शिपमनला कुणी सिस्टिमचा बळी म्हटलेलं नाही. पण थकलेल्या, एकट्या पडलेल्या, तीन दिवसांपूर्वी आलेल्या माणसाला धाकाने नेमकं काय शिकवणार? धाक एकच गोष्ट शिकवतो: लपवायला.

हे पाहायचं असेल तर लेस्टरला चला, जिथे आपल्या देशातून गेलेली हजारो कुटुंबं राहतात. १८ फेब्रुवारी २०११ ला लेस्टर रॉयल इन्फर्मरीत सहा वर्षांचा मुलगा सेप्सिसने गेला. त्याला पाहणारी प्रशिक्षणार्थी डॉक्टर हदिझा बावा-गार्बा बाळंतपणाच्या दीर्घ रजेनंतर नुकतीच कामावर परतली होती. त्या दिवशी ती दुसऱ्यांच्या वाट्याचंही काम ओढत होती. तिचा सल्लागार डॉक्टर शिकवायला दुसऱ्या गावी गेला होता. संगणक बंद पडल्याने रक्ततपासणीचे निकाल तासन् तास अडकले. तिच्या हातून चुका झाल्या का? झाल्या, आणि गंभीर झाल्या. २०१५ मध्ये ती सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात दोषी ठरली. जानेवारी २०१८ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने न्यायालयात जाऊन तिचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढायला लावलं, आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते परत घातलं. मधल्या काळात सगळ्या ब्रिटनमधले तरुण डॉक्टर काय विचारत होते? आपल्या चुकांबद्दल प्रामाणिकपणे लिहायचं, की लिहिलेलं उद्या आपल्याच अंगावर येईल? त्यांच्या जागी तुम्ही असता तर लिहिलं असतं? आणि चूक लिहिलीच गेली नाही, तर तुमची चौकशी समिती कशावर चौकशी करणार, कॅन्टीनच्या बिलांवर?

आता सगळ्यात जोरात फेकला जाणारा मुद्दा: सिस्टिमच्या नावाखाली झाकापाक होते. श्रूजबरीच्या रुग्णालयातल्या प्रसूती विभागाचं नाव इथे हटकून निघतं. डोना ऑकेन्डन यांनी मार्च २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात १,४८६ कुटुंबांची प्रकरणं तपासली आहेत. नीट उपचार मिळाले असते तर २०१ बाळं कदाचित वाचली असती, असं त्यात म्हटलं आहे. अंगावर काटा आणणारा अहवाल आहे. पण तो नीट वाचा. तिथल्या रुग्णालयाने गंभीर घटनांना गंभीर म्हणायचंच टाळलं, त्यांच्यासाठी स्वतःचा एक वेगळा आढावा काढला, आणि त्यामुळे त्या बाहेरच्यांच्या नजरेतून सुटल्या. प्रत्येक बाळाची फाइल वेगळी उघडली गेली आणि वेगळी बंद झाली. कित्येक आयांना तर उलट तुमचंच चुकलं असं ऐकवलं गेलं. ही सिस्टिमची चौकशी झाली म्हणता? हा तर तिचा पद्धतशीर अभाव. वर्षानुवर्षांच्या त्या फाइली शेजारी शेजारी ठेवून पाहायचं काम शेवटी करावं लागलं ते मुलं गमावलेल्या दोन जोडप्यांना. चौकशी न करणाऱ्याचा गुन्हा चौकशीच्या माथी मारणं हा कुठला न्याय?

राहिला ‘एनएचएसनेच मोडीत काढली’ हा विजयी सूर. ऑगस्ट २०२२ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने रुग्णसुरक्षेची नवी चौकट आणली आणि रूट कॉज अनॅलिसिसची जुनी सक्ती गेली, एवढं खरं. पण का गेली? लोकांना शिक्षा कमी पडत होती म्हणून? साफ खोटं. जुन्या पद्धतीत गंभीर घटनेचा अहवाल साठ कामकाजी दिवसांत द्यायचा असे. पाच वेळा ‘का’ विचारायचं. टोयोटाच्या कारखान्यातली ही रीत यंत्राच्या पट्ट्याला ठीक, पण वॉर्डात पाचवा ‘का’ येईतो साठावा दिवस उजाडतो आणि बोट जवळच्या माणसावर स्थिरावतं. सिस्टरने तपासलं नाही. का, तर लक्ष नव्हतं. उपाय काय, तर कर्मचाऱ्यांना आठवण करून दिली, प्रशिक्षण घेतलं, प्रोटोकॉलमध्ये एक ओळ घातली. फाइल बंद. ज्यांना निलंबन हवं असतं आणि ज्यांना फॉर्म भरून मोकळं व्हायचं असतं, त्या दोघांची भूक एकच आहे: एक नाव, एक ओळ, लवकर सुटका.

नाकातून पोटात घालायच्या नळीचंच बघा. ती चुकून फुप्फुसात गेली आणि त्यातून अन्न सोडलं तर रुग्ण दगावू शकतो. यावर इंग्लंडमध्ये २००५ मध्ये इशारा निघाला, २०११ मध्ये निघाला, २०१६ मध्ये पुन्हा निघाला. ‘हे कधीच घडता कामा नये’ अशा घटनांची सरकारी यादी २००९ पासून आहे, आणि ही नळी पहिल्यापासून त्या यादीत आहे. तरी ती फुप्फुसात जातेच. दर वेळी कुणाला तरी समज दिली जाते. नळी मात्र आत कुठे गेली हे अजून आपणहून सांगत नाही. तपासायचं ते आम्लाच्या पट्टीवर किंवा क्ष-किरणावर, तेही पहाटे तीन वाजता, जो कुणी ड्युटीवर असेल त्याने.

याविरुद्ध पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घ्या. दाट पोटॅशियमची छोटी बाटली आणि साध्या सलाईनची बाटली एकाच कपाटात शेजारी असत, दिसायलाही जवळपास सारख्या. घाईत ती हाती आली आणि थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. नॅशनल पेशंट सेफ्टी एजन्सीने २००२ मध्ये काढलेला पहिलाच इशारा याबद्दल होता, आणि त्यात परिचारिकांना सावधगिरीचे धडे देऊन भागवलं नाही. बाटलीच वॉर्डच्या कपाटातून उचलली. जे कपाटात नाही ते रात्री तीन वाजताही चुकून हातात येत नाही. कारण शोधून काय मिळतं असं विचारणाऱ्यांनी हे पाहावं. कारणाच्या शोधाने मिळते ती अशी हलवता येणारी वस्तू, आणि अशी वस्तू न सापडता संपलेला शोध अर्धवटच म्हणायचा.

रुग्णसुरक्षेचे अभ्यासक चार्ल्स व्हिन्सेंट २००४ पासून सांगत आहेत की एका घटनेची चौकशी सगळ्या व्यवस्थेत डोकावायला असते, एखादं कारण पकडून आणायला नसते. फरहाद पीरली, मेरी डिक्सन-वुड्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या लेखात या पद्धतीचे दोष एकेक करून मोजले: एकच एक कारण शोधण्याचा हव्यास, कमकुवत उपाय, एका इस्पितळाने शिकलेलं दुसऱ्याला न कळणं. यात ‘कडक कारवाई झाली नाही’ हा दोष शोधून दाखवावा, माझं आव्हान आहे. एनएचएस निलंबनवाद्यांपासून आणखी चार पावलं दूर गेली आणि ही मंडळी तिचं स्वागत करताहेत! नव्या चौकटीबद्दल माझ्याही मनात शंका आहे. कुठल्या घटनेची सखोल चौकशी करायची हे आता बरंचसं रुग्णालयच ठरवतं, आणि श्रूजबरी पाहिल्यावर त्या मोकळिकीवर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा? पण ती शंका निराळी. तिचं उत्तर बेड्यांत नाही.

बेड्यांचं काय होतं ते महाराष्ट्राने एका वर्षात पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. निलंबनं झाली, कंत्राटी परिचारिकांना घरी पाठवलं, गुन्हे दाखल झाले. राज्यभर संताप. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अकरा जण गेले. पुन्हा निलंबनं, पुन्हा अटक, पुन्हा डॉक्टर आणि परिचारिका. भंडाऱ्याच्या परिचारिकांना झालेल्या शिक्षेचा धाक नगरच्या विजेच्या तारांना वाटला नाही, त्यांना कोण काय करणार? आणि २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत एकतीस रुग्ण गेले तेव्हा एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात शौचालय साफ करायचा ब्रश दिला. कॅमेरे होतेच. औषधसाठा, रिक्त जागा, खाटांपेक्षा जास्त झालेले रुग्ण, यांतल्या कशाचं उत्तर त्या ब्रशात होतं?

शेवटचा आडोसा असतो तो मृतांच्या घरच्यांचा. ‘तुमच्या घरातलं माणूस गेलं असतं तर कळलं असतं!’ मार्टिन ब्रोमिली यांच्या घरातलं गेलं. मार्च २००५ मध्ये त्यांची पत्नी एलेन सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना. अनुभवी डॉक्टर तीच खटपट वीस मिनिटांहून अधिक वेळ करत राहिले. एका परिचारिकेने गळ्याला छिद्र पाडायचा संच आणून समोर ठेवला, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. त्यांना काय करायला हवं ते दिसत होतं, पण डॉक्टरांना ते ऐकू गेलं नाही. एलेन वाचल्या नाहीत. ब्रोमिली वैमानिक. त्यांनी विचारलं, चौकशी कधी होणार? उत्तर मिळालं, तुम्ही दावा लावलात तरच. विमान पडलं की चौकशी होतेच, इथे का नाही, हे त्यांना समजेना. त्यांनी चौकशी करवून घेतली, अहवाल नावं वगळून जगासमोर ठेवला, ते डॉक्टर कामावर परतले याला हरकत घेतली नाही, आणि २००७ मध्ये वैद्यकातल्या मानवी चुकांचा अभ्यास करणारा गट उभा केला. आज भूलशास्त्र शिकणाऱ्या कितीतरी डॉक्टरांना ही घटना शिकवली जाते. या माणसाला दुःख कमी झालं होतं, असं त्याच्या तोंडावर म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

तेव्हा पुढच्या वेळी ‘तिघे निलंबित’ अशी बातमी वाचून समाधानाने पान उलटू नका. ब्रिटनमध्ये असाल तर २०१४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांवर झालेली चूक रुग्णाला, आणि रुग्ण गेला असेल तर नातेवाइकांना, मोकळेपणाने सांगायची कायदेशीर सक्ती आहे, ती वापरा. चौकशीत काय काय तपासणार ते आधी विचारून घ्या. अहवाल आला की कोण चुकलं हे शोधत बसण्याआधी त्या वॉर्डात कोणती वस्तू, कोणती नळी, कोणती पाळी, कोणतं कपाट बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लेखी मागा. ‘प्रशिक्षण दिलं जाईल’ एवढंच लिहिलं असेल तर तो कागद परत पाठवा. महाराष्ट्रात असाल तर माहितीच्या अधिकारात आपल्या जिल्हा रुग्णालयाला एकच अर्ज करा: भंडाऱ्यानंतर सुचवलेल्या अग्निसुरक्षेच्या उपायांपैकी इथे कोणते झाले आणि कोणते राहिले? निलंबितांची यादी मागू नका. ती ते न मागताच देतील.